गाडी आधी निघाली, औषध मागे राहिले

८ जानेवारी २०२५ ची सकाळ. शाळेत परिपाठ संपून मुले वर्गाकडे वळत होती, तेवढ्यात आमचा फोन वाजला. कॅलिफोर्नियात राहणारा आमचा खालाजाद भाऊ बोलत होता. तिकडे अजून ७ तारखेची संध्याकाळच होती. त्याला धाप लागली होती आणि मागे मुलांचे रडणे ऐकू येत होते.

"आपा, डोंगर पेटलाय. आम्ही घर सोडलं. दुआ करा."

"सगळे आहात ना बरोबर? खालाजान कशा आहेत?"

"सगळे एकाच गाडीत आहोत. अम्मी मागच्या सीटवर आहे." मग क्षणभर थांबून तो म्हणाला, "आपा, अम्मीचं इन्सुलिन फ्रीजमध्येच राहिलं. पोलीस आता मागे जाऊ देत नाहीत."

काय बोलावे ते सुचेना. विषय बदलावा म्हणून आम्ही विचारले, "आणि ती जुनी गाडी?"

"ती सुरक्षित आहे," तो हळूच म्हणाला. "ती मी कालच पाठवली."

त्या एका वाक्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. आगीच्या तोंडून वस्तू कशा वाचवायच्या, हे आमच्या भावाने नीट शिकून घेतले होते आणि त्याप्रमाणे केलेही होते. तीच शिस्त घरातल्या माणसांच्या बाबतीत लावायचे मात्र राहून गेले. त्याच्या परवानगीने, नाव न देता, ही हकिकत आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत. आग कॅलिफोर्नियाची असली तरी धडा आपल्या सर्वांच्या उपयोगाचा आहे.

गाडी म्हणजे खालूजानची आठवण

आमचे खालूजान मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी चालवायचे. प्रीमियर पद्मिनीचे इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. मुलगा अमेरिकेत स्थिरावल्यावर त्यांनी तिकडे एक मोडकी, गंजलेली १९६७ सालची फोर्ड मस्टँग पाहिली आणि मुलाला ती घ्यायला लावली. पुढे जेव्हा जेव्हा ते तिकडे गेले, तेव्हा बाप-लेक गॅरेजमध्ये रमलेले असत. कार्ब्युरेटर खोलायचा, साफ करायचा, पुन्हा जोडायचा. सहा वर्षांनी ती गाडी रस्त्यावर धावली. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी खालूजान अल्लाहला प्यारे झाले.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. जुन्या गाड्या जपणे म्हणजे श्रीमंतांचा शौक, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण कित्येक घरांत अशी गाडी म्हणजे वडिलांचा हात लागलेली शेवटची वस्तू असते. तिच्यासाठी जीव तुटतो, तो किमतीमुळे नव्हे. म्हणूनच "गाडीचं काय एवढं" असे म्हणून हा प्रश्न उडवून लावता येत नाही. वस्तू वाचवायची इच्छा चुकीची नाही. ती कधी वाचवायची, एवढाच प्रश्न आहे.

त्या दोन दिवसांत काय घडले

दक्षिण कॅलिफोर्नियात थंडीच्या दिवसांत वाळवंटाकडून समुद्राकडे कोरडे, सोसाट्याचे वारे वाहतात. त्यांना सांता आना वारे म्हणतात. २०२५ च्या जानेवारीपर्यंत लॉस एंजेलिस परिसरात कित्येक महिने पावसाचा नीट थेंब पडलेला नव्हता. डोंगरावरची झुडपे वाळून कोळ झाली होती. ६ जानेवारीला हवामान खात्याने आगीच्या धोक्याचा अत्यंत कडक इशारा दिला. तिकडे त्याला 'रेड फ्लॅग वॉर्निंग' म्हणतात.

७ तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमारास समुद्राकाठच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात आग लागली. त्याच संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर पलीकडे ईटन कॅन्यन या दरीजवळ दुसरी आग लागली आणि ती आल्टाडेना गावात शिरली. आमचा भाऊ तिथेच राहत होता. पॅलिसेड्सच्या आगीत ६,८०० हून अधिक आणि ईटनच्या आगीत ९,४०० च्या आसपास इमारती नष्ट झाल्या. दोन्ही आगींत मिळून किमान ३० माणसांचे प्राण गेले. आगी पूर्णपणे आटोक्यात यायला ३१ जानेवारी उजाडली.

भावाचे घरही गेले. आठवड्याभराने त्याला आत जाऊ दिले तेव्हा उरली होती ती विटांची धुराडी, वाकलेला फ्रीज आणि राख. गॅरेजच्या जागी मुलांच्या सायकलींचे सांगाडे पडले होते. गाडी तिथे असती तर तिचेही तेच झाले असते.

गाडी कशी वाचली

भावाचा नियम साधा होता. आग दिसल्यावर जुनी गाडी हलवायची नाही. वाऱ्याचा इशारा आला की हलवायची. सोमवारी, ६ तारखेला इशारा आला आणि दुपारी त्याने गाडी तीस मैलांवर, झाडीपासून दूर असलेल्या एका मित्राच्या गोदामात नेऊन ठेवली. शेजारी हसले. म्हणाले, "दर वर्षी इशारे येतात." तो म्हणाला, "दर वर्षी नेईन."

हे त्याला ऐन वेळी जमले, कारण तयारी आधीपासून होती. जुनी गाडी महिनोन्‌महिने उभी असते. बॅटरी उतरते, टायरमधली हवा कमी होते, पेट्रोल जुने होते, आणि नेमक्या गरजेच्या दिवशी ती सुरू होत नाही. म्हणून तो दर पंधरा दिवसांनी तिला फिरवून आणायचा. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. चावी दाराजवळच्या खिळ्याला, चिठ्ठी लावून. मित्राच्या गोदामाची एक चावीही तिथेच. गाडीची कागदपत्रे, चासी क्रमांक, चारही बाजूंचे व आतले फोटो, केलेल्या कामाची बिले, हे सगळे इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवलेले होते.

विम्याचीही एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. साध्या विम्यात जुन्या गाडीची किंमत वर्षागणिक घटत जाते आणि भरपाई म्हणून हाती फार थोडे लागते. जपलेल्या जुन्या गाड्यांसाठी तिकडे वेगळा विमा असतो. त्यात मालक आणि कंपनी आधीच बसून किंमत ठरवतात आणि गाडी गेली तर तीच रक्कम मिळते. आपल्याकडेही पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपली गाडी जळाल्याची भरपाई मुळीच मिळत नाही.

आग दिसल्यावर उशीर झालेला असतो

ज्यांनी वेळेत गाड्या हलवल्या नाहीत, त्यांचे काय झाले हेही पाहू.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मालिबू भागात वूल्झी नावाची आग लागली. तिथे एका संग्राहकाच्या सत्तरहून अधिक गाड्या जळाल्या. त्यात १९४८ सालची 'नॉर्मन टिम्ब्स स्पेशल' होती. नॉर्मन टिम्ब्स या अभियंत्याने स्वतः आराखडा काढून बनवलेली, पाण्याच्या थेंबासारख्या आकाराची, ॲल्युमिनियमची एकमेव गाडी. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि जळत्या घराची उष्णता त्याच्या पुढे सहज जाते. आगीनंतरच्या फोटोंमध्ये गाड्यांच्या चाकांची धातू जमिनीवर ओघळून गोठलेली दिसते, ती यामुळेच.

उलट उदाहरणही आहे. पॅलिसेड्सच्या आगीनंतर एक फोटो जगभर फिरला. आजूबाजूची घरे जळून खाक झालेली आणि मधोमध १९७७ सालची निळी फोक्सवॅगन बस उभी. पुढे त्या कंपनीने ती दुरुस्तही करून दिली. फोटो पाहून मन भरून येते, पण अशा नशिबावर हिशेब मांडता येत नाही. एका वाचलेल्या गाडीमागे हजारो जळालेल्या गाड्या होत्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रस्ते. ७ जानेवारीला पॅलिसेड्समधून बाहेर पडायला थोडेच रस्ते होते. सनसेट बुलेव्हार्डवर वाहने एकमेकांत अडकली, आग जवळ आली आणि लोक गाड्या सोडून पायी धावले. अग्निशमन दलाच्या बंबांना वाट करून देण्यासाठी शेवटी बुलडोझर आणून त्या गाड्या बाजूला लोटाव्या लागल्या. त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज या गावात ८५ माणसे मरण पावली. त्यांतली काही तर गाडीत बसून निघालेली होती, पण वाटेतच आगीने गाठली.

म्हणून एक गोष्ट पक्की समजावी. घरात दोन गाड्या असोत की चार, निघण्याचा हुकूम आल्यावर जितक्या कमी गाड्या रस्त्यावर येतील तितके सर्वांचे जीव सुरक्षित. एक गाडी पोहोचवून दुसरीसाठी परत यायचे, असा विचार मनातही आणू नये. आपल्या दुसऱ्या गाडीमुळे शेजाऱ्याची वाट अडते. कोंडीत सापडून गाडी सोडावीच लागली तर ती कडेला घ्यावी आणि चावी आत ठेवावी, म्हणजे जवानांना ती हलवता येते.

गाडी मागेच ठेवावी लागली तर

कधी गाडी हलवणे शक्यच नसते. इंजिन उघडलेले असते, चालवायला माणूस नसतो. अशा वेळी गाडीवरचे कापडी कव्हर काढून टाकावे, कारण उडून आलेली ठिणगी त्याच्या घडीत बसते आणि पेट घेते. काचा पूर्ण वर कराव्यात. शक्य असल्यास गाडी झाडे, लाकडी कुंपण आणि घराची भिंत यांच्यापासून दूर, मोकळ्या सिमेंटच्या किंवा खडीच्या जागेत उभी करावी. गॅरेजमध्येच ठेवायची असेल तर दार नीट लावून घ्यावे. तेलाची फडकी, रंगाचे डबे, पेट्रोलचे कॅन आधीच बाहेर दूर न्यावेत. गाडी जशी घरामुळे जळते, तसे घरही गाडीमुळे जळते. टायर, गाद्या, प्लास्टिक ही सगळी आगीची खाद्येच आहेत.

गॅरेजच्या दाराबद्दल एक दुःखद गोष्ट. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात आगी लागल्या तेव्हा वीज गेली आणि विजेवर चालणारी दारे उघडेनात. काही वृद्ध माणसे गाडीजवळ असूनही आतच अडकून मरण पावली. त्यानंतर तिथे कायदा झाला. १ जुलै २०१९ पासून दार उघडायच्या प्रत्येक नव्या यंत्राला बॅटरीची जोड सक्तीची आहे. त्या यंत्राला हाताने सोडवण्यासाठी एक लाल दोरीही असते. ती ओढून दार कसे उचलायचे, हे घरातल्या प्रत्येकाला यायला हवे. भावाने मुलांना ते शिकवले होते. त्या संध्याकाळी वीज गेली तेव्हा त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीने ती दोरी ओढली.

घर कशाने पेटते

रानातली आग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळांची भिंत येते. पण बहुतेक घरे त्या भिंतीने पेटत नाहीत. ती पेटतात उडत येणाऱ्या निखाऱ्यांनी. वाऱ्याबरोबर निखारे मैलभर किंवा त्याहूनही लांब जातात. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी अनेक वर्षे हेच दाखवून दिले की घर वाचणार की नाही, हे दूरच्या जंगलापेक्षा घर आणि त्याच्या अगदी जवळचा परिसर यांवर जास्त अवलंबून असते.

त्यामुळे तिकडचे अग्निशमन खाते सांगते की भिंतीला लागून पाच फुटांच्या पट्ट्यात जळणारे काहीच ठेवू नये. झुडूप नको, सरपण नको, लाकडी बाक नको, काथ्याचे पायपुसणे नको. त्यापुढे शंभर फुटांपर्यंत वाळके गवत काढावे, झाडांच्या खालच्या फांद्या छाटाव्यात. छपरावरचा आणि पन्हळीतला पालापाचोळा काढावा. पोटमाळ्याच्या हवेच्या झरोक्यांना बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवावी, म्हणजे निखारे आत शिरत नाहीत. लाकडी कुंपण थेट भिंतीला जोडलेले असेल तर ते वातीचे काम करते.

निघताना वेळ असेल तर आणखी काही कामे करता येतात. खिडक्या-दारे बंद करावीत, पण कुलूप लावू नये. पातळ पडदे काढावेत, सोफे-खुर्च्या खिडकीपासून खोलीच्या मध्यावर आणाव्यात. गॅस बंद करावा. दिवे लावून ठेवावेत, म्हणजे धुरात जवानांना घर दिसते. बागेतल्या खुर्च्या आणि पायपुसणी आत घ्यावीत. आणि नळ सुरू ठेवून जाऊ नये. आपल्याला वाटते की छपरावर पाणी पडत राहिले तर घर वाचेल. पण सगळ्यांनीच असे केले की पाण्याचा दाब घटतो. पॅलिसेड्समध्ये दहा-दहा लाख गॅलनच्या तीन टाक्या होत्या. ८ जानेवारीच्या पहाटेपर्यंत त्या तिन्ही रिकाम्या झाल्या आणि उंचावरच्या भागातले बंबांचे नळ कोरडे पडले.

ही कामे वेळ असेल तरच. आणि खरे सांगायचे तर एकदा घरामागून घर पेटू लागले की चांगली काळजी घेतलेले घरही जाऊ शकते. म्हणून घराची तयारी वर्षभर करायची आणि निघायची वेळ आली की मागे वळून पाहायचे नाही.

इशारा आणि हुकूम

तिकडे दोन पायऱ्या असतात. पहिली 'इशारा', म्हणजे तयार राहा. म्हातारे, आजारी, लहान मुले असतील तर आताच निघा. दुसरी 'हुकूम', म्हणजे ताबडतोब बाहेर पडा. पण हुकूम येईलच, वेळेत येईल, असे धरून चालू नये. आल्टाडेनाच्या पश्चिम भागात हुकूम पोहोचला तो पहाटे तीन वाजून गेल्यावर, आग लागल्यानंतर कित्येक तासांनी. ईटनच्या आगीतले बहुतेक मृत्यू त्याच भागात झाले. मृतांमध्ये अनेक जण वृद्ध होते, काहींना चालता येत नव्हते.

हे वाचले आणि आमच्या मनात पुन्हा खालाजानचा विचार आला. त्या रात्री त्यांना नऊ वाजता इन्सुलिन घ्यायचे होते. ते मिळाले दुसऱ्या दिवशी दुपारी, दुसऱ्या गावातल्या औषधाच्या दुकानात, जुन्या नोंदीवरून. तोवर साखर चारशेच्या वर गेली होती. चक्कर येत होती, जीभ कोरडी पडली होती. भाऊ रात्रभर त्यांच्या उशाशी बसून होता. अल्हम्दुलिल्लाह, त्या सावरल्या.

पुढे एकदा तो आम्हाला म्हणाला, "आपा, गाडीच्या कागदांची यादी होती, चावीला चिठ्ठी होती, गोदाम ठरलं होतं. अम्मीच्या औषधाची यादी नव्हती. अब्बांची गाडी जपली आणि अम्मीला विसरलो."

आम्ही म्हटले, "विसरला नाहीस. तयारी केली नव्हतीस. त्या गडबडीत कुणाचंच डोकं चालत नाही."

आणि हे खरेच आहे. घाबरलेला माणूस नवीन काही ठरवू शकत नाही. आधी ठरवलेलेच करतो. आम्ही शिक्षक माणसे शाळेत आपत्तीचा सराव घेतो, तो यासाठीच. मुलांनी रांगेत कसे निघायचे हे त्या दिवशी शिकवता येत नाही.

राख बसल्यावर

आगीत आल्टाडेनातली मस्जिद अल-तकवाही जळाली. अफ्रिकी-अमेरिकी मुस्लिमांनी जपलेली ती मस्जिद गावातल्या अनेकांसाठी घरासारखी होती. त्याच आगीत पासाडेनातले ज्यूंचे प्रार्थनास्थळ आणि काही चर्चही गेली. त्यानंतर वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी एकमेकांना जागा दिली, कपडे दिले, जेवण दिले. भाऊ सांगतो, त्या आठवड्यात आमच्या घरी जेवण कुणाकडून आले हे विचारायचीही सोय नव्हती, इतक्या लोकांनी आणून दिले.

परतणाऱ्यांनी घ्यायची काळजीही सांगतो. जळालेल्या घराच्या राखेत शिसे आणि इतर विषारी द्रव्ये असू शकतात. चांगला मास्क, हातमोजे आणि बंद बूट घातल्याशिवाय तिथे जाऊ नये, मुलांना तर नेऊच नये. गाडीवर राख बसली असेल तर ती कोरड्या फडक्याने पुसू नये. रंगावर ओरखडे येतात. ओली झालेली राख रंग खाते, म्हणून भरपूर पाणी सोडून ती लवकर धुऊन काढावी. इंजिन सुरू करण्याआधी हवेची जाळी बदलावी, वायर आणि रबरी नळ्या तपासून घ्याव्यात. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत जास्त जपावे. आगीत सापडलेली लिथियमची बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. तिला जाणकारांशिवाय कुणी हात लावू नये.

विम्याच्या दाव्यासाठी घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी मागतात. जळालेल्या घरात काय काय होते, हे आठवून लिहिणे फार कठीण. भावाकडे गाडीचे तीस फोटो होते आणि घराचा एकही नव्हता. वर्षातून एकदा मोबाईल हातात धरून प्रत्येक खोलीचा, कपाटे-खण उघडून व्हिडिओ काढायचा आणि तो घराबाहेर कुणाकडे तरी पाठवून ठेवायचा. दहा मिनिटांचे काम आहे.

आपल्या दारात

वणवा आपल्यालाही परका नाही. कोकणात फेब्रुवारीपासून मेपर्यंत डोंगर पेटतात. कुणी चांगले गवत यावे म्हणून वाळके गवत पेटवतो, कुणी बांध जाळतो, कुणी विडीचे थोटूक टाकतो, आणि वारा सुटला की काजू-आंब्याची वर्षानुवर्षे वाढवलेली बाग एका दुपारी जाते. गोठे जातात, पेंढ्याच्या उडव्या जातात, कधी घरेही जातात.

आपल्याकडे मस्टँग नसते, पण दारात दुचाकी असते, रिक्षा असते, ज्यावर घर चालते असा टेम्पो असतो. तो आपण नेमका सरपणाच्या ढिगाला लागून उभा करतो. तेव्हा उन्हाळ्याआधी एवढे करावे. भिंतीजवळचे सरपण आणि पेंढा दूर हलवावा. कौलांवरचा, पन्हळीतला पाला काढावा. बागेभोवती जाळरेषा काढून ठेवावी. वाहन तोंड रस्त्याकडे करून उभे करावे, टाकीत पेट्रोल असू द्यावे. रेशन कार्ड, आधार, जमिनीचे उतारे, मुलांचे दाखले एका पिशवीत ठेवावेत. आणि त्या पिशवीत सर्वांत वर घरातल्या आजारी माणसाच्या औषधांची चिठ्ठी आणि चार दिवसांची औषधे ठेवावीत. थंड ठिकाणी ठेवायचे औषध असेल तर फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहावे, म्हणजे निघताना कुणाची तरी नजर जाईल. कोणते औषध किती दिवस बाहेर टिकते, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे.

शेजारी एकटे राहणारे कुणी म्हातारे असेल तर त्यांना कोण नेणार, हेही आधीच ठरवावे. त्या दिवशी ज्याला त्याला वाटते की दुसरा कुणी तरी नेईल.

मागच्या महिन्यात भावाने आम्हाला एक फोटो पाठवला. आता ते भाड्याच्या घरात राहतात. फ्रीजच्या दारावर त्याच्या मुलीच्या अक्षरात यादी चिकटवली आहे. पहिल्या ओळीत 'दादीचं इन्सुलिन, सुया, मशीन, थंड पिशवी'. मग सगळ्यांची औषधे, कागद, फोन, शेजारच्या आजींना हाक. गाडी सहाव्या ओळीत आहे, आणि तिच्यापुढे कंसात लिहिले आहे : 'इशाऱ्याच्या दिवशीच, नंतर नाही.'